जुन्या काँक्रीटची खडी बर्फाच्या प्रदेशात टिकते का?

खडीसाखर

आमच्याकडे ओंटारिओत रस्ता, फुटपाथ किंवा पूल तोडला की निघालेलं काँक्रीट सहसा फेकून देत नाहीत. ते क्रशरमध्ये जातं, सळया चुंबकाने बाजूला काढतात आणि खडी नव्या रस्त्याच्या पायात पसरतात. प्रांताच्या ओपीएसएस १०१० या स्पेसिफिकेशनमध्ये त्याला रीतसर परवानगी आहे. पायासाठी वापरायला आता कुणाची फारशी हरकत नसते. पण हीच खडी नव्या काँक्रीटमध्ये घालू म्हटलं की बैठकीत दोन तट पडतात. एका बाजूला ‘टक्केवारी वाढवा’, दुसऱ्या बाजूला ‘इथल्या हिवाळ्यात ही खडी टिकणारच नाही’. मी बांधकाम साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. हा वाद ऐकताना प्रत्येक वेळी वाटतं, की किती टक्के हे नंतर बघू, ही खडी कोणत्या काँक्रीटमधून आली हे आधी कुणीतरी विचारा. त्यासाठीच हा धागा.

आधी थंडी काँक्रीटचं नेमकं काय करते ते सांगतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काँक्रीटमधल्या बारीक छिद्रांत पाणी काठोकाठ भरलेलं असेल तर फुगणाऱ्या बर्फाला जागा हवी असते, आणि न गोठलेलं पाणी पुढे ढकललं जातं. त्या पाण्याला जवळपास रिकामी जागा मिळाली नाही, तर दाब वाढून सिमेंटची चौकट तडकते. अमेरिकेतल्या पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या टी. सी. पॉवर्स यांनी १९४५ मध्ये हे गणितात मांडलं. पुढे त्यांनीच त्यात सुधारणा केल्या, कारण बर्फ आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढतो हेही लक्षात आलं. उपाय मात्र दोन्ही स्पष्टीकरणांत एकच निघतो. काँक्रीट मिसळताना त्यात अतिशय बारीक हवेचे बुडबुडे मुद्दाम धरून ठेवायचे. सिमेंटच्या कोणत्याही बिंदूपासून जवळचा बुडबुडा साधारण ०.२ मिलिमीटरच्या आत असला पाहिजे. म्हणून कॅनडाच्या सीएसए ए२३.१ या मानकात, मीठ आणि बर्फ दोन्ही सोसणाऱ्या फुटपाथसारख्या कामासाठी ३२ मेगापास्कल ताकद, पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४५ आणि नेहमीच्या आकाराच्या खडीसाठी ५ ते ८ टक्के हवा मागितलेली असते.

आता जुन्या काँक्रीटची खडी. कांदाभजीत कांद्याला बेसन चिकटलेलं असतं, तसा या खडीच्या दगडाला जुना सिमेंट-वाळूचा मसाला चिकटलेला असतो. दगड स्वतः जेमतेम एखाद-दोन टक्के पाणी पितो. या मसाल्यामुळे खडीचं पाणी शोषणं चार, सहा, कधी आठ टक्क्यांवर जातं. बहुतेक लोक इथेच थांबतात: पाणी जास्त पिते, म्हणजे थंडीत फुटणार.

पण पाणी पिणं आणि फुटणं यांच्या मधे एक गोष्ट आहे. त्या जुन्या मसाल्यात स्वतःचे हवेचे बुडबुडे आहेत का? असतील, तर आत शिरलेल्या पाण्याला गोठताना जागा तिथेच मिळते. नसतील, तर नव्या काँक्रीटमध्ये कितीही चांगली हवा धरा, खडीच्या पोटातलं पाणी त्या बुडबुड्यांपर्यंत वेळेत पोचत नाही. खडी आतून फुटते आणि भोवतालचं चांगलं काँक्रीटही तडकवते. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये हाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. हवा असलेल्या आणि हवा नसलेल्या काँक्रीटपासून वेगवेगळी खडी बनवून, नवं काँक्रीट दोन्हीकडे व्यवस्थित हवा धरून केलं. हवेच्या काँक्रीटची खडी टिकली. बिनहवेच्या खडीचं प्रमाण कमी ठेवूनही निकाल वाईट आला.

म्हणून मला ‘३० टक्के चालेल का’ या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. कुठल्या ढिगातले ३० टक्के, ते सांगा.

इथे अमेरिका, कॅनडा, युरोपात या क्षेत्रात काम करणारे बरेच जण आहेत. तुमच्याकडे काय चालतं, जरूर लिहा.

मुठाकाठ

उत्तम विषय. मी पुण्यात स्ट्रक्चरल डिझाइन करतो, बर्फाशी संबंध फक्त फ्रीजपुरता. आपल्याकडे आयएस ३८३ या खडीच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत जुन्या काँक्रीटची खडी साध्या, बिनसळईच्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम २५ (म्हणजे २५ मेगापास्कल) ग्रेडपर्यंतच्या आरसीसीत, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, २० टक्क्यांपर्यंत आणि एम १५ पेक्षा कमी ग्रेडच्या हलक्या काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के चालते. म्हणजे आपण टक्केवारीचाच रस्ता धरलाय.

तुमचा मुद्दा पटला, पण व्यवहारात कसं करायचं? राडारोडा डेपोत येतो तेव्हा सगळं एकत्र झालेलं असतं. कुठला तुकडा कुठल्या इमारतीचा, कुणाला माहीत?

खडीसाखर

मुठाकाठ, खरी अडचण तीच आहे. एकदा ढीग मिसळला की प्रयोगशाळेत आमच्या हातात फार थोडं उरतं. खडीचे तुकडे रेझिनमध्ये बसवून, कापून, घासून गुळगुळीत करून सूक्ष्मदर्शकाखाली बुडबुडे मोजता येतात. नवं काँक्रीट आम्ही एएसटीएम सी ४५७ या अमेरिकी मानकाप्रमाणे तसंच तपासतो. पण मिसळलेल्या ढिगात एक तुकडा चांगला, दुसरा वाईट. सरासरीला काही अर्थ राहत नाही, कारण फुटायला थोडे वाईट तुकडे पुरतात.

तोडण्याआधी मात्र खूप काही कळतं. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, बांधकामाचं वय. काँक्रीटमध्ये मुद्दाम हवा धरायची पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. न्यूयॉर्ककडच्या काही रस्त्यांचे तुकडे बाकीच्यांपेक्षा फार चांगले टिकलेले दिसले. शोध घेतल्यावर कळलं, की त्या सिमेंटमध्ये दळताना मदत म्हणून जनावरांची चरबी पडली होती आणि तिने मिश्रणात हवेचे बुडबुडे धरले होते. ती पद्धत सगळीकडे रुळायला वेळ लागला. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा पूल किंवा धक्का तोडत असाल, तर त्यात हवा नसणार असं धरूनच चालावं.

दुसरी गोष्ट लोकांच्या डोक्यात बसायला जड जाते. इमारतीच्या आतलं काँक्रीट, म्हणजे आतले कॉलम, मजल्यांचे स्लॅब, यांत आजही हवा धरत नाहीत. गरजच नसते. ते कायम उबदार आणि कोरडं राहतं, आणि हवा धरली की दर टक्क्याला ताकद थोडी कमी होते, म्हणून कुणी ती धरत नाही. परिणामी, ४० मेगापास्कलचा देखणा कॉलम फोडून निघालेली खडी थंडीला कच्ची, आणि शेजारच्या ३० मेगापास्कलच्या फुटपाथची खडी पक्की असू शकते. दिसायला आणि ताकदीला पहिली सरस वाटेल. शहरात तोडफोडीचा मोठा वाटा इमारतींचा असतो, म्हणून मिसळलेल्या ढिगाची मला जास्त धास्ती वाटते.

रस्त्याचं काँक्रीट त्याच रस्त्यात परत जात असेल, तर ओळख आपोआप टिकते. तिथे मी निर्धास्तपणे हो म्हणतो.

दहाहजारतळी

मिनेसोटातून नमस्कार. खडीसाखर, तुमचं बहुतेक पटतं, पण सगळा भार हवेवर टाकू नका. आमच्याकडे दगडानेच त्रास दिलाय.

इथल्या, शेजारच्या आयोवाच्या आणि खाली कॅन्ससच्या काही चुनखडी दगडांत छिद्रांचा आकार असा असतो, की पाणी आत शिरतं पण गोठताना चटकन बाहेर पडत नाही. रस्त्याच्या सांध्याजवळ, जिथे पाणी साचून राहतं, तिथे खालून दगड फुटायला लागतो आणि वर सांध्याला समांतर काळपट बारीक भेगांची जाळी दिसते. याला डी-क्रॅकिंग म्हणतात. काँक्रीटमध्ये हवा अगदी बरोबर असली तरी हे थांबत नाही, कारण दोष खडीच्या पोटात आहे.

अशा रस्त्याचा पुनर्वापर करायचा का? साधी अक्कल सांगते, नको. तरी १९८० मध्ये मिनेसोटाच्या रस्तेखात्याने यूएस ५९ या महामार्गावर, वर्दिंग्टन ते फुल्डा या सुमारे १६ मैलांच्या टप्प्यात, डी-क्रॅकिंगने खराब झालेला रस्ता उखडून त्याचीच खडी नव्या काँक्रीटमध्ये वापरली. युक्ती आकाराची होती. खडी पाऊण इंचाच्या खाली फोडली. दगड लहान झाला की आतल्या पाण्याला बाहेर पडायला कमी अंतर कापावं लागतं आणि दाब तेवढा चढत नाही. वाळू मात्र नैसर्गिकच घेतली, फोडीतला बारीक चुरा नव्या काँक्रीटमध्ये घातला नाही. तो रस्ता पुढे दीर्घकाळ वाहतूक सोसत राहिला, आणि १९९० च्या दशकात व नंतर २००० च्या दशकात संशोधकांनी त्याचे गाभे, म्हणजे नळीने कापलेले दंडगोल नमुने, काढून परत तपासले. आमच्या क्षेत्रात हा रस्ता सगळ्यांना तोंडपाठ आहे.

म्हणजे खडी कुठून आली हे तुमचं बरोबर, पण त्यात दगड कोणता आणि तो कितपत बारीक फोडला हेही आलं.

खडीसाखर

दहाहजारतळी, यूएस ५९ चं उदाहरण आणल्याबद्दल मनापासून धन्यवाद. दगडाचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्या मुद्द्याला बळच देतो. तिथे लोकांना आपल्या दगडाचा आजार नावानिशी माहीत होता, म्हणून उपचार करता आला. अनोळखी ढिगात तो आजार कुणाला कळला असता?

बारीक फोडण्याची दुसरी बाजूही कुणीतरी लिहायला हवी. मिशिगनबद्दल तुम्हाला माहीत असेलच.

दहाहजारतळी

हो, ते लिहितोच. मिशिगनने १९८० च्या दशकात आय-९४ सारख्या महामार्गांवर जुन्या काँक्रीटची खडी मोठ्या प्रमाणावर वापरली. स्लॅब लांब लांब होते आणि आत तारेची जाळी होती. अशा स्लॅबला मधे तडा जाणारच, हे डिझाइनमध्ये धरलेलंच असतं. तड्याच्या दोन बाजूंना खडी एकमेकींत अडकून गाड्यांचं वजन पलीकडे पोचवते, अशी अपेक्षा असते. पण खडी बारीक, तिच्यावर जुना मऊ मसाला, त्यामुळे तड्याची बाजू गुळगुळीत निघाली. घर्षणाने ती झिजली, वजन जाळीवर आलं, जाळी तुटली आणि तडे रुंदावत गेले. रुंद तड्यात पाणी आणि मीठ शिरलं, पुढचं काम हिवाळ्याने केलं.

त्या अनुभवानंतर तिथे मुख्य रस्त्याच्या काँक्रीटमध्ये ही खडी बराच काळ कुणी घालू दिली नाही. वाईट याचं वाटतं की सगळा ठपका खडीवर आला. स्लॅब आखूड ठेवून सांध्यांत डॉवेल, म्हणजे दोन स्लॅबना जोडणाऱ्या सळया, टाकले असते, तर निकाल वेगळा दिसला असता. नंतरच्या रस्त्यांनी ते दाखवूनही दिलं.

 

गोठलेली_गोदावरी

सगळं वाचतेय, निम्मं समजतंय. 🙂 मी इंजिनिअर नाही, एडमंटनमध्ये घर आहे. ड्राइव्हवे नव्याने करायचा आहे. कंत्राटदार म्हणतो, खाली दगडाच्या खडीऐवजी फोडलेलं काँक्रीट टाकतो, स्वस्त पडेल. टाकू द्यावं का? आणि शेजाऱ्यांच्या नव्या ड्राइव्हवेचे पहिल्याच हिवाळ्यात वरून पापुद्रे निघाले. तेही याच खडीमुळे असेल का?

ट्रान्झिटमिक्सर

गोदावरीताई, खाली टाकायला हरकत नाही, उलट चांगलं बसतं. फोडलेल्या काँक्रीटच्या कडा धारदार असतात, रोलर फिरवला की एकमेकींत घट्ट अडकतात. त्यात न भिजलेलं थोडं सिमेंट शिल्लक असतं, त्यामुळे कालांतराने थर किंचित बांधलाही जातो. तीन गोष्टी मात्र बघा.

त्यात माती, विटा, जिप्समचे तुकडे, लाकूड नको. पिठासारखा चुरा फार नको. थंडीत जमीन वर उचलली जाते ती बारीक मातीत केशाकर्षणाने पाणी वर चढून बर्फाचे थर जमतात म्हणून. खडीच्या थराचं काम पाणी खाली सोडणं हे आहे. चुरा वाढला की तो पाणी धरायला लागतो.

तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. या खडीतून पाझरणारं पाणी चुन्यामुळे अल्कधर्मी असतं. ते हवेला लागलं की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर साचतो, आणि जाळीदार पाइप किंवा फिल्टरचं कापड तुंबतं. म्हणून घराच्या पायाभोवती निचऱ्याचा पाइप असेल, तर त्याच्या अंगाला ही खडी लावू देऊ नका. तिथे धुतलेला दगडच हवा. रोपांच्या वाफ्याकडेही ते पाणी जायला नको.

शेजाऱ्यांचे पापुद्रे बहुधा खडीमुळे नाहीत. वरचा पापुद्रा सुटतो तो पृष्ठभागातल्या चुकांमुळे. काँक्रीटवर पाणी तरंगत असतानाच थापी फिरवली, सोपं जावं म्हणून ट्रकमध्ये पाणी ओतलं, क्युरिंग केलं नाही म्हणजे ओतल्यावर ओलं ठेवलं नाही, किंवा उशिरा शरदात ओतून पहिल्याच हिवाळ्यात मीठ टाकलं. कंत्राटदाराला ३२ मेगापास्कल आणि हवा धरलेलं काँक्रीटच मागा, आणि ट्रकसोबत येणारं चलन जपून ठेवा. पहिल्या हिवाळ्यात मीठ अजिबात नको, निसरडं झालं तर वाळू टाका.

गोठलेली_गोदावरी

केवढं सविस्तर! खूप आभार. चलन मागायचं हे कधी सुचलंच नसतं.

डॅन्यूबकाठ

ऑस्ट्रियाचा अनुभव लिहितो. इथे व्हिएन्ना ते साल्झबुर्ग जाणारा ए१ महामार्ग १९९० च्या सुमारापासून टप्प्याटप्प्याने नवा केला, तेव्हा जुना काँक्रीट रस्ता जागेवरच फोडून खालच्या थरात वापरला. रस्ता दोन थरांत ओततात, ओल्यावर ओला. खालचा जाड थर जुन्या रस्त्याच्या खडीचा. वरचा चार-पाच सेंटिमीटरचा थर कठीण, न झिजणाऱ्या नव्या दगडाचा, आणि त्याचा पृष्ठभाग घासून खडी उघडी ठेवलेली. टायरचा आवाज कमी होतो, पकड चांगली मिळते. महागडा दगड फक्त गरज आहे तिथे लागतो. खालच्या थरातही हवा धरलेली असतेच. खडीतला ४ मिलिमीटरच्या खालचा चुरा काँक्रीटमध्ये घेत नाहीत.

खडीसाखर म्हणतात ते युरोपच्या मानकात चक्क लिहिलेलं आहे. ईएन २०६ मध्ये थंडीचे चार वर्ग आहेत, एक्सएफ१ ते एक्सएफ४. सगळ्यात सौम्य एक्सएफ१ मध्ये, म्हणजे फार न भिजणाऱ्या आणि मीठ न लागणाऱ्या कामात, चांगल्या प्रतीची जुनी खडी जाड खडीच्या ३० टक्क्यांपर्यंत चालते. त्यापुढच्या वर्गांना सरसकट शून्य. पण खाली एक तळटीप आहे. खडीचा स्रोत माहीत असेल, आणि मूळ काँक्रीट त्याच वर्गासाठी बनवलेलं असेल, तर तिथेही ३० टक्के घ्या. रस्त्याचं रस्त्याला, इमारतीचं इमारतीला.

मुठाकाठ

ही तळटीप फार महत्त्वाची वाटते. आयएस ३८३ मध्ये स्रोताला इतकं वजन दिलेलं मला आठवत नाही. आपल्याकडे बर्फ नसला तरी क्लोराइड आहे. मुंबईत समुद्राकाठची इमारत पाडली की त्या खडीतलं मीठ नव्या सळईला लागणारच. तिथेही ढीग वेगळा ठेवणं हाच उपाय.

खारदुंगला

मी लडाखमध्ये रस्ते आणि छोट्या पुलांच्या कामांवर होतो. भारतात हा विषय खरा लागू होतो तो तिथे, आणि हिमाचल-उत्तराखंडच्या वरच्या पट्ट्यात. लेहला वसंतात आणि शरदात दिवसा ऊन कडक, रात्री उणे. एका दिवसात वितळणं आणि गोठणं दोन्ही. ऐन हिवाळ्यात सगळं सलग गोठलेलं असतं, तेव्हा काँक्रीटला उलट कमी त्रास होतो. शून्याच्या वरखाली होणाऱ्या फेऱ्यांनी ते मरतं. मात्र हवा कोरडी आहे, पाऊस नगण्य, म्हणून जिथे वितळलेलं पाणी साचत नाही तिथलं काँक्रीट बरंच टिकून राहतं. खरे बळी म्हणजे पुलांचे पाय, गटारं, मोऱ्या.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात अशा ओल्या थंडीसाठी, एम ५० च्या खालच्या काँक्रीटला, २० मिलिमीटर खडी असेल तर ५ टक्के अधिक-उणे १ हवा धरायला सांगितलंय. पण साइटवर हवा मोजायचं यंत्र मी क्वचितच पाहिलं. नवीन काँक्रीटमध्येच हवा मोजत नसू, तर जुन्याचा पुनर्वापर ही पुढची गोष्ट झाली. तिथे फोडलेलं काँक्रीट मी फक्त रिटेनिंग भिंतीमागे भरायला किंवा रस्त्याच्या पायात टाकीन.

ट्रान्झिटमिक्सर

खारदुंगला यांनी हवा मोजायचा विषय काढला, तर त्यातला एक मोठा खड्डा दाखवतो. मी रेडीमिक्स प्लांटवर क्वालिटी बघतो.

नेहमीचं दाबाचं एअर मीटर काँक्रीटवर दाब देऊन आकसणारी सगळी हवा मोजतं. जुन्या काँक्रीटच्या खडीच्या छिद्रांतही हवा असते, तीही त्यात धरली जाते. काटा ६ टक्के दाखवतो आणि मसाल्यात खरी हवा चारच असते. कागदावर पास, थंडीत नापास. म्हणून अशी खडी असेल तेव्हा नुसत्या खडीवर त्याच मीटरने चाचणी करून दुरुस्ती काढायची आणि वजा करायची, किंवा सरळ हलवून मोजायचं घनफळाचं मीटर वापरायचं, एएसटीएम सी १७३ चं. अलीकडे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात विकसित झालेलं ‘सुपर एअर मीटर’ही मिळतं. ते हवा किती आहे यासोबत बुडबुडे कितपत जवळ आहेत याचाही अंदाज ताज्या काँक्रीटवरच देतं. त्याचा आकडा ०.२० च्या आत ठेवायचा.

आणि खडी आधी भिजवा. कोरडी खडी मिक्सरमध्ये गेली की पाणी पिते, स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) पडतो, मग ड्रायव्हर वाटेत पाणी ओततो आणि पाणी-सिमेंट गुणोत्तराची वाट लागते. आम्ही ढिगावर रात्रभर स्प्रिंकलर ठेवतो आणि सकाळी वरून पाणी निथळू देतो. हिवाळ्यात हे जमत नाही, भिजलेला ढीग गोठून डोंगर होतो. म्हणून आमच्या प्लांटवर ही खडी बर्फ पडेपर्यंतच.

दहाहजारतळी

हे सगळं वाचून एक प्रश्न. एवढा खटाटोप कशासाठी? चांगला दगड मिळत असेल तर तो घ्यावा आणि जुनं काँक्रीट पायात घालावं. पायातही त्याची किंमत होतेच.

खडीसाखर

प्रश्न रास्त आहे. सरळ सांगतो, बऱ्याच ठिकाणी माझंही उत्तर तेच आहे. काँक्रीटचा कार्बन मुख्यतः सिमेंटमधून येतो, खडीतून फार थोडा. जुनी खडी वापरायची म्हणून कुणी सिमेंट वाढवत असेल, तर पर्यावरणाचं नुकसानच होतं, मग अहवालात कितीही टक्के लिहा.

पण चांगला दगड सगळीकडे जवळ नाही. तुमच्याच राज्याच्या नैर्ऋत्येला, किंवा कॅनडाच्या सपाट प्रेअरीत, टिकाऊ खडी दुरून आणावी लागते. तिथे उखडलेला रस्ता हीच जवळची खाण आहे. आणि खाणी संपतातही. शहराजवळच्या खाणींभोवती वस्ती आली की नवी परवानगी मिळत नाही. जपानने हे आधी ओळखलं. त्यांच्या जेआयएस ए ५०२१ या मानकात जुन्या काँक्रीटची इतकी साफ केलेली खडी येते, की तिचं शोषण ३ टक्क्यांच्या आत असतं. त्यासाठी खडी तापवून, घासून जुना मसाला काढून टाकायची पद्धत आहे. ऊर्जा बरीच लागते, पण ती खडी नव्या दगडाच्या बरोबरीने वापरता येते. त्यांच्या खालच्या प्रतींना ५ आणि ७ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि काम कुठलं त्यावर बंधनं आहेत.

फुकट जाणारी चांगली खडी बघून मला खरंच हळहळ वाटते. एका जुन्या विमानतळाच्या धावपट्टीचं काँक्रीट, जाड, हवा धरलेलं, उत्तम ग्रॅनाइटचं, एका कंत्राटदाराने इमारतींच्या राडारोड्यात मिसळलेलं मी पाहिलंय. जागा वाचावी म्हणून. वेगळा ढीग ठेवायचा खर्च म्हणजे लोडरच्या जादा फेऱ्या आणि एक पाटी.

दहाहजारतळी

पटलं. मग तुमच्याकडे अशी खडी मंजुरीला आली, तर नेमक्या कोणत्या चाचण्या लावता? आमच्याकडे सल्फेट साउंडनेसवरून भांडणं होतात.

खडीसाखर

सल्फेट साउंडनेस या खडीला लावू नये असं माझं ठाम मत आहे. सोडियम किंवा मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणात खडी बुडवून सुकवायची, स्फटिक वाढून ती फुटते का बघायचं, ही चाचणी दगडासाठी आहे. जुन्या सिमेंटवर सल्फेट रासायनिक हल्ला करतं, त्यामुळे निकाल थंडीबद्दल काही सांगत नाही. चांगली खडी नापास होते, कधी वाईट पास होते.

आम्ही आधी कागद मागतो: कुठलं बांधकाम, कुठल्या वर्षाचं, शक्य असेल तर मूळ स्पेसिफिकेशन. तोडण्याआधी गाभे काढायची संधी मिळाली तर सगळ्यात उत्तम, हवा आणि दगड दोन्ही तिथेच दिसतात. क्लोराइड मोजतो. मग मायक्रो-डेव्हल, झीज बघायला. मग सीएसए ए२३.२ मधली २४ए चाचणी, सुट्या खडीला तीन टक्के मिठाच्या पाण्यात भिजवून, निथळून, गोठवायचं आणि वितळवायचं, पाच फेऱ्या, आणि चाळणीवर किती चुरा पडला ते वजन करायचं. हे सगळं ठीक आलं तरच त्या खडीचं काँक्रीट करून एएसटीएम सी ६६६ मध्ये ३०० फेऱ्यांना बसवतो, पद्धत ए, म्हणजे पाण्यात गोठवून पाण्यातच वितळवायचं. त्याला महिने जातात. कंत्राटदाराला घाई असते, म्हणून ढीग शक्य तितक्या लवकर आमच्याकडे पाठवा असं मी दर वसंतात सांगतो.

मुठाकाठ

सुट्या खडीची मिठाच्या पाण्यातली चाचणी फ्रीझर असलेल्या कोणत्याही कॉलेजात करता येईल. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प म्हणून देतोय. दोन ढीग घेऊ, एक पाडलेल्या इमारतीचा, एक उखडलेल्या रस्त्याचा. आपल्याकडे दोन्हीत हवा धरलेली नसणार, म्हणजे दोन्ही फुटायला हवेत. नाही फुटले तर कारण शोधावं लागेल. खडीसाखर, चाळणीचे आकार आणि फ्रीझरचं तापमान व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

खडीसाखर

आजच पाठवतो. दगड काळा बेसाल्ट असणार, तेव्हा तिसरा ढीग नुसत्या ताज्या बेसाल्ट खडीचा ठेवा, म्हणजे फुटला तो दगड की मसाला हे वेगळं काढता येईल.

खारदुंगला

लेहमध्ये ओळखीचे आहेत, जुन्या मोरीचं फोडलेलं काँक्रीट गोणीभर पाठवता येईल. चौथा ढीग तो घ्या.